मूक आईचं प्रवेशशुल्क

"गोदे, जेवताना तोंडातून शब्द निघाला तर ताट सोडून उठायचं. आणि दारातून कुणी तहानलेलं परत गेलं तर ताटावर बसायचंच नाही!"

माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या चातुर्मासात सासूबाईंनी मला हे सांगितलं. सांगितलं कसलं, पितळी पळी नाकासमोर हलवत बजावलं! त्यांना जाऊन वीस वर्षं झाली, पण आषाढी एकादशी आली की तो आवाज मोहरीसारखा कानात तडतडतो.

मी तशी हळू बोलणारी बाई. इतकी हळू, की भाजीवाला मला दर वेळी "काय?" म्हणून विचारतो आणि मी लाजून तो देईल ती भाजी घेऊन येते. आमच्या घरी दोडका का इतका होतो, याचं खरं कारण हे आहे. पण नेमाच्या बाबतीत मात्र मी पक्की! सकाळी तुळशीला प्रदक्षिणा, पोथीचा एक अध्याय, आणि चातुर्मासात केळीच्या पानावर मुक्यानं जेवण, तेही दार सताड उघडं ठेवून. एकतीस वर्षं झाली. एकदा एक माकड समोरच्या पानातली भाकरी उचलून माझ्याच डोळ्यांदेखत खात बसलं, तरी मी 'हाड' म्हटलं नाही. आणि दारातून तहानलेलं कुणी परत गेलं नाही. पोस्टमन नाही, वर्गणीवाले नाहीत, आमच्यावर दावा लावलेला माझा चुलत दीरसुद्धा नाही!

अभिमान म्हणाल तर होता. नसता, तर हे सगळं लिहायची वेळ आली नसती.

तर घर आमचं बऱ्हाणपूरच्या राजघाटावर. घाटाच्या पायऱ्या सुरू होतात, त्याच्या आधीचं शेवटचं. पुढच्या खोलीचं दार उघडलं की समोर तापी. दाराशी तिवईवर पाण्याचा माठ, माठाला लागून देव्हारा, देव्हाऱ्यापुढं आरतीचं ताट. जेवायला बसताना मला पूर्वेकडं तोंड करावं लागतं, त्यामुळं देव माझ्या पाठीशी येतात. देवाला पाठ दाखवते म्हणून रोज आधी क्षमा मागते, मग पहिला घास घेते. मुलगा मोहित आणि सून हिमानी दहालाच नोकरीवर जातात. आमचे हे, म्हणजे गिरधरराव, सकाळी जसोंडीला केळीच्या बागेत जातात ते एकला परत येतात. त्यामुळं साडेअकराला मी, पान आणि तापी, एवढंच.

या सुखात खडा टाकला तो मालतीनं.

मालती आमच्या महिला मंडळाची सेक्रेटरी. राहते इतवाऱ्यात, पण आवाज राजघाटावर ऐकू येतो. ती नुकतीच लेकाबरोबर भूतानला जाऊन आली होती, आणि तिथला डोंगर, तिथला बुद्ध, तिथलं धुकं यांतलं काहीही तिच्या लक्षात राहिलेलं नव्हतं. लक्षात राहिलं होतं ते फक्त शुल्क!

"एका रात्रीचे बाराशे, माणशी!" मंडळाच्या बैठकीत ती सांगत होती. "हॉटेलचे वेगळे हं! हे नुसते तिथं असण्याचे! झोपा नाहीतर जागे राहा! मग आपल्याकडं येणाऱ्यांनी का देऊ नयेत? यावेळचा वादविवाद ह्याच्यावरच. परदेशी पर्यटकांकडून देशानं प्रवेशशुल्क घ्यावं का? मी बोलणार, घ्यावं!"

"पण पाहुण्याकडून..." मी म्हटलं.

"काय?"

"नाही, पाहुण्याकडून पैसे..."

"काय म्हणताय, मोठ्यानं बोला!"

"पाहुण्याकडून पैसे कसे घ्यायचे, एवढंच..."

"गोदाताई विरोधी बाजूनं! लिहून घ्या!"

झालं! मला फक्त शंका विचारायची होती. मी वक्ता झाले.

सुरुवातीला झोप उडाली. मग हळूहळू मला पटायला लागलं, की या विषयावर बोलायला गावात माझ्यासारखी लायक बाई दुसरी नाही. एकतीस वर्षं ज्या बाईनं दार बंद केलं नाही, तिनं नाही बोलायचं तर कुणी? मी प्रदक्षिणा घालता घालता भाषण रचायला लागले. तुळशीनं ते इतक्या वेळा ऐकलं की तिची पानं गळायला लागली.

त्याच आठवड्यात पहिला पाहुणा आला.

मी पानावर बसले होते. वरणभात कालवला होता, पहिला घास तोंडात होता. दारात सावली पडली म्हणून डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं, तर ताडासारखा उंच गोरा माणूस! नाक उन्हानं टोमॅटोसारखं झालेलं. पाठीवर एवढं मोठं ओझं, की कासवानं पाहिलं असतं तर स्वतःच्या पाठीचं समाधान मानलं असतं. तो काहीतरी बोलला. मला इंग्रजी येत नाही, आणि येत असतं तरी तोंडात घास होता. मी डावा हात वर करून पाची बोटं दाखवली. पाच मिनिटं थांबा बाबा, एवढं पान होऊ दे.

त्यानं बोटांकडं पाहिलं. मान डोलवली. मग मी बोटानं त्याच्या बुटांकडं दाखवलं. त्यानं लगेच काढले. शहाणा वाटला. मग मी हात मागं करून माठाकडं दाखवलं, की पाणी घ्या. तो माझ्या पाठीमागं गेला, जरा खुडबुड झाली, आणि मग उंबऱ्याजवळ येऊन मांडी घालून बसला. थोडा वेळ तापीकडं पाहत राहिला. फोन काढून नदीचा फोटो घेतला. मग हात जोडून, कमरेत वाकून मला नमस्कार केला आणि निघून गेला.

माझा ताकभात अजून बाकी होता. मनात आलं, काय गुणी माणूस! पाणी प्यायला, नदी पाहिली, आशीर्वाद घेतला. आणि म्हणे यांच्याकडून शुल्क घ्या!

संध्याकाळी दिवा लावायला गेले तर आरतीच्या ताटात पाचशेची नोट!

मी थक्क झाले. मोहित आणि हिमानी फोननं पैसे देतात, त्यांच्या खिशात नोट मिळायची नाही. राहिले हे. म्हणजे ह्यांनी ठेवली! ज्या माणसानं जन्मभर देवापुढं सव्वा रुपयाच्या वर काही ठेवलं नाही, आणि तोही सव्वा रुपया दुसऱ्या दिवशी उचलून घेतला, त्या माणसानं पाचशे! आणि तेही कुणाला न सांगता. गुप्तदान!

आता गुप्तदानाचा नियम असा, की बोललं की पुण्य गेलं. देणाऱ्यानं सांगायचं नाही, पाहणाऱ्यानं विचारायचं नाही. मी डोळे पुसले, नोट देवळाच्या अन्नदानाला पाठवून दिली, आणि रात्री पुरणपोळी केली.

हे ताटाकडं बघतच राहिले. "आज काय आहे गं?"

"काही नाही."

"मग पुरण काहून केलं?"

"असंच," मी म्हटलं आणि प्रेमानं वर तूप वाढलं.

ह्यांचा चेहरा उतरला. महिनाभरापूर्वी ह्यांची साखर निघाली होती, आणि तेव्हापासून मी चहातसुद्धा साखर देत नव्हते. पण त्या वेळी मला ते आठवलंच नाही. भक्तीनं माणूस आंधळा होतो.

चार दिवसांनी एक जोडपं आलं. मी पानावर. मी पाच बोटं दाखवली. बाईनं फोन वर धरला, खटकन काहीतरी वाजलं. पुरुषानं बायकोकडं बोट केलं, मग स्वतःकडं, आणि मला दोन बोटं दाखवली. म्हणजे आम्ही दोघं आहोत, चालेल का? न चालायला काय झालं? मी मान हलवली. दोघंही माझ्या मागं गेली, खुडबुडली, नदी पाहत बसली, नमस्कार करून गेली.

संध्याकाळी ताटात दोन नोटा!

मी श्रीखंड केलं.

"गोदे," ह्यांनी वाटी दूर सारली. आवाज बसलेला. "खरं सांग. डॉक्टरकडं गेली होती काय तू? माझा रिपोर्ट काय आला?"

"कसला रिपोर्ट? खा तुम्ही."

"खा म्हणून राहिली..." ते स्वतःशीच पुटपुटले. मग श्रीखंडाची वाटी संपवली आणि म्हणाले, "बागेची कागदं हिरव्या पेटीत आहेत. मोहितला पंप चालवायचा शिकवून देतो उद्या. कोणाचं काही मनात ठेवायचं नाही आता."

माझ्या अंगावर काटा आला. वैराग्य! प्रत्यक्ष वैराग्य माझ्या घरात पाटावर बसून श्रीखंड चाटत होतं! चुलत दिराचा दावासुद्धा ह्यांनी दुसऱ्या दिवशी त्याला हवं ते देऊन मिटवून टाकला. मी देवाला म्हटलं, देवा, माझ्या नेमाचं फळ तू असं एकदम पोत्यानं देऊ नकोस, मला झेपायचं नाही.

आता पुढचं लिहायला हात जड होतोय.

कार्यक्रमाच्या तीन दिवस आधी एकादशी होती. मी निर्जळी करते. दुसऱ्या दिवशी द्वादशीचं पारणं. पोटात नुसता वणवा! नैवेद्य दाखवून पानावर बसायला बारा वाजले. गव्हाची खीर केली होती, वर काजू तळून टाकले होते. पहिला चमचा तोंडात गेला, आणि जीव असा जागच्या जागी विरघळला की काय सांगू.

तेवढ्यात दारात एक बाई आली. माझ्याच वयाची असेल. साधी सुती साडी, खांद्याला पिशवी, हातात मिटलेली छत्री. घामानं चेहरा निथळत होता. घाटाच्या पायऱ्या चढून आलेली दिसत होती. "ताई," ती म्हणाली. पुढं काहीतरी बोलली.

मी पाच बोटं वर केली.

ती थांबली. हातातल्या फोनकडं पाहिलं, परत माझ्या बोटांकडं पाहिलं. पिशवीतून छोटं पाकीट काढलं, उघडलं, आत बघितलं, मिटलं. मग हात जोडले आणि वळून निघून गेली.

मला वाटलं, वर्गणीवाली असेल, जेवणाऱ्या बाईला त्रास नको म्हणून गेली असेल. आणि मी खीर संपवली. दुसऱ्यांदा वाढून घेतली, तीही संपवली.

कार्यक्रम मंडळाच्या हॉलमध्ये, रविवारी दुपारी तीनला. पुढं बायका, मागं त्यांचे नवरे, कारण शेवटी मावा जलेबी होती. आमचे हेही आले होते. जलेबीसाठी नाही, "सगळ्यांना एकदा भेटून घ्यावं" म्हणून!

मालती आधी बोलली. बोलली कसली, तोफखाना! "रस्ते कोण झाडतं? आपण! पाणी कोण देतं? आपण! राजघाटाच्या पायऱ्यांवर शेवाळ किती, प्लास्टिक किती, ते बघा! येणारा येतो, बाटली टाकतो, जातो! घर बघायला पैसे लागत नसतील, पण घर सांभाळायला लागतात की नाही? मग देशाला नको? आणि भूतानला मी बाराशे रुपये..." टाळ्याच टाळ्या.

मग मी. माईक माझ्या तोंडाला जवळजवळ बांधूनच दिला. सुरुवातीचं कुणाला ऐकू आलं नाही, पण हळूहळू मला धीर आला. मी म्हटलं, "पाहुणा देशी असो की परदेशी, तो आधी तहानलेला असतो, मग बाकी काही. त्याच्यापुढं पाणी धरायच्या आधी हात पसरणं, हे आपलं नाही. माझ्या राजघाटावरच्या घराचं दार एकतीस वर्षं उघडं आहे. त्या दारातून एकही माणूस तहानलेला परत गेला नाही! आणि कुणाकडून मी एक पैसा घेतला नाही! एक बाई जे करू शकते, ते एवढा मोठा देश करू शकणार नाही?"

हॉल गडगडला! हिमानीनं शिट्टी वाजवली. मी जन्मात पहिल्यांदा मान वर करून खुर्चीत बसले.

मग मालती पुन्हा उठली. "निकालाच्या आधी एक गंमत! आपल्यात आज खरोखरीच्या परदेशी पाहुण्या आहेत. मॉरिशसच्या! पण मराठी बोलतात हं! सुशीलाबाई, या, दोन शब्द बोला."

बायकांच्या शेवटच्या रांगेतून सुती साडीतली एक बाई उठली. हातात छत्री.

मी वर केलेली मान हळूच खाली घेतली.

सुशीलाबाई माईकपाशी आल्या. त्यांचं मराठी जुन्या पत्रातल्यासारखं होतं, प्रत्येक शब्द धुऊन वाळत घातल्यासारखा. "नमस्कार. माझे पणजोबा जहाजात बसून गेले. आमच्या घरात सांगतात, ते तापीकाठचे. आई म्हणायची, एकदा त्या पाण्याला हात लावून ये. ती आता नाही, म्हणून मी आले. किल्ल्यात मला परदेशी माणसाचं तिकीट घ्यावं लागलं. मला वाईट वाटलं नाही. खिडकीवर लिहिलेलं होतं, सर्वांना सारखं होतं, पावतीही मिळाली. देशाला खर्च असतो. मालतीताई बरोबर बोलल्या." त्यांनी छत्री दुसऱ्या हातात घेतली. "पण परवा मी नदीला हात लावून पायऱ्या चढत आले, तेव्हा मला फार तहान लागली. फोनमध्ये पाहिलं, जवळ एक आश्रम दाखवत होता. प्रवेश पाचशे रुपये. मला वाटलं, मी मराठीत विचारलं तर नुसतं पाणी देतील. पण त्या माताजींनी हात वर केला. पाचशे. माझ्या पाकिटात तेवढे नव्हते. असो, नियम असेल. त्याचं काही नाही."

"आश्रम? राजघाटावर?" मालतीचे कान टवकारले. "राजघाटावर कुठला आश्रम? हिमानी, बघ गं फोनवर!"

हिमानीनं बघितलं. तिचा चेहरा आधी पांढरा, मग लाल, मग केळीच्या पानासारखा हिरवा झाला. "मम्मी..." ती कुजबुजली. "मम्मी, ये तो अपना घर है!"

मालतीनं तिच्या हातातून फोन घेतला आणि माईकमध्ये वाचायला लागली. परदेशी लोकांनी लिहिलेलं फोननं आपणहून मराठीत करून दिलं होतं, तेही काय मराठी!

"मूक आईचं घर. अध्यात्मिक ठिकाण. चार तारे." आणि खाली फोटो. फोटोत मी! पानावर बसलेली, गालात घास, हात वर, पाची बोटं पसरलेली, चेहऱ्यावर असा भाव की जणू जगाला अभय देतेय. "पहिला अभिप्राय," मालती वाचत होती. "शांत जागा. मूक आई बोलत नाही. पाच बोटं दाखवते, म्हणजे पाचशे. फक्त रोख. बूट बाहेर. पैसे मागच्या ताटात ठेवायला सांगते. नदी सुंदर. दुसरा अभिप्राय. जोडप्यासाठी सवलत नाही, आम्ही विचारलं. एक तारा कापला, कारण आई जेवण दाखवते पण देत नाही!"

हॉलमध्ये असा हशा उठला की छतावरची कबुतरं उडाली. बायका एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. मी उठले. "पाच... पाच मिनिटं..." मी म्हणत होते. पण माझा आवाज! मग काय झालं कोण जाणे, मी माईक ओढला आणि जन्मात पहिल्यांदा किंचाळले, "पाच मिनिटं!"

सूत्रसंचालन करणाऱ्या भूमिकानं घाईघाईनं घंटी वाजवली. "गोदाकाकू, सॉरी, तुमचा वेळ संपला. जादा वेळ मिळत नाही."

"अगं तसं नाही! पाच मिनिटं थांबा म्हणून सांगत होते मी त्यांना! रुपये नव्हे! मी जेवताना बोलत नाही! पैसे यांनी ठेवले असं वाटलं मला, गुप्तदान म्हणून, म्हणून तर पुरणपोळी केली!"

मागच्या रांगेतून आमचे हे उभे राहिले. डोळे भरलेले. "म्हणजे गोदे," त्यांनी सगळ्या हॉलदेखत विचारलं, "मी मरून नाही राहिलो?"

त्यानंतर दहा मिनिटं कार्यक्रम बंद होता. एका बाईला तर पाणी मारावं लागलं. हे मात्र हसत नव्हते. त्यांना चुलत भावाशी मिटवलेला दावा आठवत होता.

पहिलं बक्षीस मालतीला मिळालं. परीक्षक म्हणाले, गोदाताईंनी विरोधी बाजू मांडली, पण प्रात्यक्षिक अनुकूल बाजूचं दिलं, म्हणून त्यांना उत्तेजनार्थ. मला स्टीलचा डबा मिळाला. मी तो तोंडासमोर धरून खाली उतरले.

सुशीलाबाई दाराजवळ उभ्या होत्या. मी त्यांच्यापुढं गेले आणि त्यांना सगळं सांगितलं. नेम, मुक्यानं जेवण, पाच मिनिटं. त्या ऐकत होत्या आणि त्यांच्या ओठांच्या कडा हलत होत्या. शेवटी त्या हसल्याच. "पाच मिनिटं होय! मी तर घाबरले होते. म्हटलं, पणजोबा ज्या गावातून गेले ते गाव एवढं महाग झालं!" त्यांनी माझा हात धरला. "अहो, चूक झाली, त्यात काय! तुम्हाला माझं ऐकूच आलं नव्हतं."

मी हो म्हणू शकले असते. सगळ्यांचा तोच समज झाला होता. मालतीसुद्धा तेच म्हणत होती, की बिचारीला ऐकू आलं नसेल.

पण मला ऐकू आलं होतं. 'ताई' झाल्यावर 'पाणी' हा शब्द मला स्पष्ट ऐकू आला होता. त्या वळल्या तेव्हा हाक मारली असती तर पारणं मोडलं असतं, पान सोडावं लागलं असतं, आणि समोर खीर होती. मी स्वतःला सांगितलं, पाच मिनिटांनी काय होतंय! सासूबाईंनी दोन नेम दिले होते, त्यांतला जो माझ्या पोटाला सोयीचा होता तो मी पाळला, आणि दुसरा उंबऱ्यातून परत पाठवला. आणि त्याच तोंडानं मघाशी माईकवर एकतीस वर्षांचा हिशेब सांगितला.

"आलं होतं," मी म्हटलं.

"काय?" त्या म्हणाल्या. माझा आवाज पुन्हा गेला होता.

"ऐकू आलं होतं. पाणी म्हणालात ते."

सुशीलाबाई हसायच्या थांबल्या. पण हात सोडला नाही.

"कुठं उतरलाय तुम्ही?" मी विचारलं.

"मालतीताईंकडे. चार दिवस झाले. बाजारात रस्ता विचारला, तर घरीच घेऊन गेल्या. एक पैसा घेत नाहीत. मी देऊ केले तर रागावल्या."

मी मालतीकडं पाहिलं. ती जलेबीची ताटं वाटत होती आणि ओरडत होती, "एकच घ्या! एकच! मागच्यांना पुरली पाहिजे!" जी बाई सगळ्या जगाकडून शुल्क घ्यायला निघाली होती!

"तुमची गाडी कधी?"

"उद्या दुपारी."

"त्याच्या आत मी येते," मी म्हटलं. "पाणी घेऊन. नक्की येते."

तोंडातून गेलं, आणि मग आठवलं. मालतीच्या घरी! मंडळाचं मोठं पातेलं कुणी चेपवलं यावरून आमच्यात जे झालं होतं, त्याला नऊ वर्षं झाली. मंडळात बोलतो, रस्त्यात हसतो, पण तिच्या दारात मी नऊ वर्षांत पाय ठेवला नव्हता. ठेवणार नाही म्हणून शपथही घेतली होती. म्हणजे माझ्या नेमांच्या यादीत तोही एक होता!

रात्री घरी हिमानी फोनवर आश्रम काढून टाकायला बसली. बराच वेळ खटपट केली. "मम्मी, डिलीट तो हो नहीं रहा. विचारतं, हे ठिकाण कायमचं बंद झालंय का. काय करू?"

"हो म्हण," मी म्हटलं.

तिनं दाबलं. तेव्हापासून जगाच्या नकाशावर माझ्या फोटोखाली लाल अक्षरांत लिहिलेलं आहे, 'कायमची बंद'.

पाहुण्यांचे पैसे अन्नदानात गेलेले, पावती ह्यांच्या नावाची. ते लोक कुठल्या देशातले, हेही माहीत नाही. ते आता कसं फेडायचं, हे देवालाच ठाऊक. मी रात्री पान मांडलं नाही. ह्यांना चहा दिला, बिनसाखरेचा. त्यांनी एक घोट घेतला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा समाधानानं मान डोलवली.

सकाळी लवकर उठले. प्रदक्षिणा झाल्या, अध्याय वाचला नाही. तांब्या चिंचेनं घासून लख्ख केला, माठातलं गार पाणी भरलं. डब्यात गव्हाची खीर घेतली, वर काजू टाकले, सगळे. एका छोट्या बाटलीत खाली जाऊन तापीचं पाणी भरून आणलं, बूच घट्ट लावून वर फडकं बांधलं, विमानात चालतं की नाही ते मला ठाऊक नाही.

हे ओट्यावर पेपर वाचत होते. त्यांनी चष्म्यावरून तांब्याकडं पाहिलं, डब्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"मालतीकडं निघाली काय?"

मी मान हलवली.

"आत जायचे किती घेते ती, ते विचारून घेतलं का?"

मी तांब्यावर फुलपात्र उपडं ठेवलं, पदर खांद्यावरून ओढून घेतला, आणि पाणी हिंदकळू नये म्हणून हळूहळू इतवाऱ्याच्या रस्त्याला लागले.